कानखूण

आधी डावीकडची मेंढरं गेली.
मग फ्योर्डचा काठ, मग कोठाराचं दार,
मग मेजावरचा कप, जो माझ्याच कोपरानं पडला
आणि बोलणी खाल्ली हाल्वार्दुरनं.
जग कडेकडेनं कुरतडलं जात होतं,
मधोमध सगळं लख्ख,
म्हणून मला कळलंच नाही.
आकुरेय्रीचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. उशीर झालाय.
उशीर कसा, मला तुमच्या शर्टाचं बटण दिसतंय.
बटणच दिसतंय, तो म्हणाला.

शेवटी नळीएवढं उरलं.
त्या नळीतून वर्षभर कंजुषासारखं बघितलं:
नातीच्या पुढच्या दातांमधली फट,
केटलीच्या तोंडाशी वाफ,
हाल्वार्दुरच्या शवपेटीवरचा एक खिळा.
पेटी मावली नाही.

लोक विचारतात, काळोख असतो का?
काळोख बघायलाही डोळे लागतात.

पहिला हिवाळा खुर्चीत काढला.
स्वाला हातात कप आणून द्यायची,
तिच्या हळुवारपणाचा मला राग यायचा.
डिसेंबरात इथे दुपारी तीनलाच दिवस मिटतो,
सगळं गाव चाचपडतं, घसरतं, शिव्या देतं;
तेवढे तीन आठवडे मी कुणाच्या मागे नव्हते.
एका रात्री वीज गेली.
स्वाला जिन्यात अडकली, मीच तिला खाली आणलं.
नऊ पायऱ्या, सातवी सैल.
तुला कसं माहीत, आजी?
कसं म्हणजे! चाळीस वर्षं ती कुरकुरत होती
आणि मी दिवा लावून तिला गप्प करत होते.

तेव्हापासून शिकतेय.
वारा सपाट नसतो.
कोठारापाशी त्याला कोठाराएवढं भोक पडतं,
त्या भोकातून सरळ गेलं की दार.
गोठलेली नदी पावलाला खालून उत्तर देते;
बर्फ पातळ झाला की तिचा स्वर चढतो, मग मागे फिरायचं.
गवत नुसतं भिजलंय की कुजतंय ते नाक सांगतं,
नाक खोटं बोलत नाही, जरा उद्धट असतं इतकंच.
परवा मात्र कुत्रा समजून
लोकरीच्या टोपीशी बोलत बसले.
बराच वेळ.

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढरं उतरतात.
दगडी गोल कोंडवाडा, मधे हजार पाठींचा कालवा,
भोवती संत्र्याच्या फोडींसारखे कप्पे, शेताशेताचे.
मी कुंपणापाशी थर्मास धरून,
बाजूला काढून ठेवलेल्या सामानासारखी.
तेवढ्यात भांडण.
म्हातारी मेंढी, कानातला प्लास्टिकचा बिल्ला तुटलेला.
ब्रान्डुर म्हणे माझी, आउस्बेर्ग म्हणे माझी,
कान तारेत फाटलेला,
खूण दोघांना दिसत होती
आणि दोघांना वेगवेगळी दिसत होती.
आणा इकडे, मी म्हटलं.
कुणी तरी हसलं. आणली.

हातमोजा काढला.
ऊन, ओला कान, आत वाळका चिखल.
टोकाला तिरपा काप. तो खरा.
मागची फाट तारेची, कड खरखरीत; सुरी अशी कापत नाही.
आणि पुढच्या बाजूला, बुडाशी,
एक खाच. वाकडी. वरच्या अंगाला खोल.

ट्रॅक्टरात अंगठा गेल्यावर
हाल्वार्दुर सुरी अशीच धरायचा.

नऊ वसंत झाले असतील.
कोकरू मीच आवळून धरलं असणार, मान वळवून,
कारण मला रक्त बघवत नसे.
हा कान मी शेकडो वेळा बघितला होता.
वाचला आज.

दोघांचीही नाही, मी म्हटलं. आमची.
बाकीचं सांगितलं नाही.
बोट त्या खाचेत ठेवून थांबले,
थोडं जास्तच थांबले असेन,
कारण मेंढीनं कान झटकला
आणि न विचारता कुणी माझं कोपर धरून
आम्हा दोघींना भलत्याच कप्प्यात नेऊन उभं केलं.

हा आमचा नव्हे, मी म्हटलं.
ती माझ्या गुडघ्याला खेटून उभी होती.
तिलाही पटलं असावं,
लोकर घासल्याचा आवाज आला.